डोळे उघडे, पण माणूस तिथे नाही : केटामाईनबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पाठीतल्या भुलीबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज दोन ओळी केटामाईन या भुलीच्या औषधावर टाकल्या होत्या, तर या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं त्या दोन ओळींवरच आहेत. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्याच औषधाला देतेय. मी भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली पहिली सात तालुक्याच्या ठिकाणी गेली, जिथे ऑक्सिजनचा सिलेंडर भरलेला असेलच याची खात्री नसायची. त्या दिवसांत माझे कितीतरी पेशंट या एका औषधाने सुखरूप घरी गेलेत. त्यामुळे या औषधाबद्दल मला माया आहे हे आधीच सांगून टाकते.

माझा मुलगा पाच वर्षांचा. झोक्यावरून पडला, मनगटाच्या वर हाड मोडलं. हाड बसवायला इंजेक्शन दिलं आणि मिनिटाभरात तो एकदम गप्प झाला, पण डोळे उघडेच, बुबुळं इकडून तिकडे सरकतायत, तोंडातून लाळ, मी हाक मारतेय तर बघेचना. मला वाटलं माझं पोर गेलं. सिस्टर म्हणाल्या नॉर्मल आहे आणि मला बाहेर काढलं. दोन तासांनी तो बिस्किट मागत होता, पण मला अजून रात्री दचकून जाग येते. ते काय होतं? – एक आई, बारामती

ताई, तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, कारण हे सगळं तुम्हाला इंजेक्शनच्या आधी दोन मिनिटांत सांगता आलं असतं आणि मग तुम्ही तिथेच त्याचा हात धरून बसू शकला असतात. तुम्ही जे वर्णन केलंय ते एकूण एक केटामाईनचं आहे आणि त्यात काहीही बिघडलेलं नव्हतं.

नेहमीच्या भुलीत माणूस गाढ झोपल्यासारखा होतो, डोळे मिटतात, अंग सैल पडतं, श्वासही मंदावतो. केटामाईनचं तसं नाही. यात डोळे काम करतात, कान काम करतात, पण तिथून आलेले निरोप मेंदूच्या ज्या भागात जुळून 'मला दुखतंय', 'ही आई आहे' असा अर्थ लागतो तिथे ते जुळतच नाहीत. समजा फोन वाजतोय, लाईनही चालू आहे, पण घरात उचलणारं कुणी नाही. म्हणून डोळे उघडे असून तो बघत नव्हता. बुबुळं आडवी सरकणं हे तर आमच्यासाठी औषध लागू पडल्याचं लक्षण, मी स्वतः तेच बघून हाडवाल्या डॉक्टरांना मान हलवते की करा सुरू. लाळ वाढते हाही त्याचा ठरलेला गुण, त्यासाठी कधी कधी सोबत ग्लायकोपायरोलेट किंवा अॅट्रोपिन देतात, आणि मूल अचानक हात उचलतं, कण्हतं, ते दुखतंय म्हणून नाही.

या प्रकाराला नाव कसं पडलं ते ऐका. केटामाईन पहिल्यांदा बनवलं १९६२ मध्ये कॅल्व्हिन स्टीव्हन्स या केमिस्टने, अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी. त्याच्या आधी कंपनीकडे फेन्सायक्लिडीन होतं, ते दुखणं छान मारायचं पण पेशंट तासन् तास भ्रमात, आरडाओरडा, म्हणून त्याचं सौम्य भावंड शोधत होते. ऑगस्ट १९६४ मध्ये एडवर्ड डॉमिनो आणि गुंथर कॉर्सेन या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा माणसांना दिलं, आणि ती माणसं मिशिगनमधल्या तुरुंगातले कैदी होती, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण कैद्याला 'नाही' म्हणायची मोकळीक कितीशी असते. पेशंट जागे दिसतात पण जगापासून तुटल्यासारखे असतात, असं डॉमिनो घरी सांगत होते, तेव्हा त्यांच्या बायकोने सुचवलेला शब्द डिसोसिएटिव्ह. तोच आज सगळ्या पुस्तकांत आहे. १९७० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि लगेच व्हिएतनामच्या लढाईत जखमी सैनिकांसाठी ते वापरलं गेलं.

मी आता काय करते तर इंजेक्शनच्या आधी आईवडिलांना जवळ बसवते आणि सांगते की डोळे उघडे राहतील, बुबुळं हलतील, तुम्हाला ओळखणार नाही, श्वास त्याचा तो घेत राहील, मी इथून हलणार नाही. एवढं ऐकलेली आई घाबरत नाही हा माझा अनुभव. नंतर उलटी होऊ शकते, मोठ्या मुलांत जरा जास्त, आणि चालताना झोक जातो म्हणून त्या दिवशी सायकल, जिना, खेळ बंद. तुमचा मुलगा दोन तासांत बिस्किट मागत होता म्हणजे सगळं सुरळीत झालं होतं ताई. आता तुम्ही झोपा.

मी बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात केटामाईनची हाफ लाईफ (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) अडीच तास दिलीय, पण सर म्हणतात पेशंट दहा-पंधरा मिनिटांत जागा होतो. हे कसं काय? आणि गोळी का नाही मिळत? – एक विद्यार्थी, जळगाव

अरे वा, हा प्रश्न एमडीच्या तोंडी परीक्षेत विचारतात आणि भलेभले अडखळतात.

शिरेतून वजनाच्या किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम दिलं की अर्ध्या ते एका मिनिटात भूल लागते, कारण केटामाईन चरबीत झटकन विरघळणारं आहे आणि मेंदूकडे रक्ताचा ओघ मोठा, त्यामुळे औषध आधी तिथेच घुसतं. पण मग ते तिथे थांबत नाही, रक्तातून स्नायूंकडे, चरबीकडे पसरत जातं. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात मुंगीला शिरायला जागा नसते आणि मिरवणूक संपली की चौक मोकळा असतो, म्हणून काय सगळी माणसं पुण्याबाहेर गेली का, नाही, ती गल्लीबोळांत पांगलीयत, गावाला परतायला अजून वेळ आहे. पेशंट जागा होतो ते औषध मेंदूतून पांगल्यामुळे. अडीच तासांची हाफ लाईफ आहे ती शरीरातूनच बाहेर पडण्याची, लिव्हरमध्ये मोडतोड होऊन. तिथे सीवायपी ३ए४ आणि २बी६ ही एन्झाईम्स त्याचं नॉरकेटामाईन करतात, आणि तेही मूळ औषधाच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्श्याइतकं काम करतं, म्हणून शुद्ध आल्यावरही दुखणं काही वेळ कमी राहतं. ही गोष्ट पेशंटच्या फार फायद्याची आहे.

गोळीचं उत्तर यातच आलं. तोंडाने घेतलं की आतड्यातून सरळ लिव्हरला जातं आणि तिथेच बहुतेक संपतं, जेमतेम पाचवा हिस्सा रक्तात पोचतो. नाकातून दिलं तर निम्म्याच्या आसपास आणि दंडात किंवा मांडीत टोचलं तर नव्वद टक्क्यांच्या वर. हातपाय झाडणाऱ्या मुलाला शीर सापडत नसेल तर मांडीतल्या इंजेक्शनवर आम्ही निश्चिंत असतो ते या आकड्यामुळे. किलोमागे चार-पाच मिलिग्रॅम, चार-पाच मिनिटं थांबायचं.

काम कसं करतं तर ग्लुटामेट नावाचा जो मेंदूतला मुख्य चेतवणारा निरोप्या आहे, त्याचं एक दार म्हणजे एनएमडीए रिसेप्टर. हे दार उघडं असतानाच केटामाईन आत शिरतं आणि मधेच अडकून बसतं. हे १९८३ मध्ये डेव्हिड लॉज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, म्हणजे औषध बाजारात येऊन तेरा वर्षं झाल्यावर कळलं की ते चालतं कसं. मणक्यातली हीच दारं दुखण्याचा आवाज वाढवत नेतात, त्यामुळे भूल न देता अगदी थोडा डोस, किलोमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम, नुसत्या वेदनेसाठी चालतो, मॉर्फिनही कमी लागतं.

तू पुढे औषधांच्या दुकानात किंवा हॉस्पिटलच्या फार्मसीत बसणार आहेस म्हणून एक सांगून ठेवते. केटामाईन एका मिलीत १० मिलिग्रॅम असंही येतं आणि ५० मिलिग्रॅम असंही येतं. मी शिकत असताना एका हॉस्पिटलात दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवलेल्या असायच्या आणि पहाटे तीन वाजता मी दहाची समजून पन्नासची भरली. वॉर्डातल्या सिस्टरनी सिरिंज हातातून काढून घेतली, लेबल डोळ्यासमोर धरलं, काही बोलल्या नाहीत. पोर सहा वर्षांचं होतं. या औषधात चुकीला जागा बरीच आहे, दहापट डोस चुकून गेलेले लोकही उशिरा का होईना पूर्ण शुद्धीवर आल्याच्या नोंदी आहेत, पण तेवढा वेळ कुणीतरी श्वास सांभाळायला शेजारी हवा. तुझ्या फार्मसीत ही दोन बॉक्स वेगळ्या कप्प्यांत ठेव बाबा.

वडिलांना बीपी आहे, अँजिओप्लास्टी झालीय. केटामाईनने बीपी वाढतं असं वाचलं. मग असलं औषध ठेवतातच कशाला? – कोल्हापूर

तुमच्या वडिलांना आम्ही शक्यतो ते भुलीच्या डोसमध्ये देणार नाही, दुसरे चांगले पर्याय आहेत. ज्यांचं बीपी आटोक्यात नाही, हृदयाला रक्त कमी पडतं, थायरॉईड खूप वाढलेलं आहे, गरोदरपणात बीपी चढलंय, किंवा स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे, त्यांच्यात हात आखडता घेतो. वडिलांच्या हृदयाची फाईल आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी भूलतज्ज्ञांच्या हातात द्या, डॉक्टरांना माहीत असेलच असं धरून चालू नका.

पण ठेवतात कशाला, याचं उत्तर मला जरा सविस्तर द्यायचंय.

मी नवीनच तालुक्याला गेलेले, गुऱ्हाळं नुकती सुरू झालेली, रात्री आठला फोन आला की चरकात माणसाचा हात गेलाय. हात कोपरापर्यंत दोन लाटांच्या मधे, मोटर बंद केलेली, पण लाटा मागे फिरवायला फिटर हवा होता आणि हाताला कुणी नुसतं बोट लावलं तरी तो माणूस ज्या आवाजात ओरडायचा तो अजून कानात आहे. ट्रॅक्टरचा दिवा आणि दोन बॅटऱ्या, काकवीचा वास, पायाखाली चिकट चिपाडं. ऑक्सिजन नाही, मॉनिटर नाही. नाडी इतकी बारीक की मनगटाला लागेना, मानेला लागली, रक्त बरंच गेलेलं. अशा माणसाला नेहमीचं भुलीचं औषध दिलं असतं तर उरलंसुरलं बीपी तिथेच कोसळलं असतं आणि श्वासही थांबला असता. मी मांडीत केटामाईन टोचलं. चार मिनिटं मोजली, ओरडणं थांबलं, डोळे उघडे, वर कुठेतरी बघतायत, आणि छाती आपली आपण वरखाली होतेय. नाडी हळूहळू मनगटाला लागायला लागली. फिटरने पाना लावून लाटा उलट्या फिरवायला वीसेक मिनिटं घेतली, मधे मी अजून थोडं दिलं. हात गेला त्यांचा, तो वाचवता आला नाही, पण माणूस अजून आहे, दिवाळीला फोन करतो.

तर जे बीपी वाढणं तुमच्या वडिलांना नको आहे तेच त्या माणसाला हवं होतं. केटामाईन शरीराची स्वतःची अॅड्रेनलिनची यंत्रणा जागी करतं, त्यामुळे पल्स आणि बीपी वर जातात, दम्यात आवळलेल्या श्वासनळ्याही सैल होतात. एक मेख मात्र आहे, जो पेशंट कित्येक तास झुंजून थकलाय, ज्याचा अॅड्रेनलिनचा साठाच संपत आलाय, त्याच्यात बीपी वाढण्याऐवजी पडूही शकतं, कारण हृदयाच्या स्नायूवर औषधाचा स्वतःचा परिणाम मंदावण्याचाच असतो. म्हणून अशांना डोस कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत केटामाईन १९८५ पासून आहे आणि ते काय उगीच नाही.

माझं वय ५८. पायाची जखम साफ करायला भूल दिली होती. मला वाटलं मी छताला टेकलेय, खाली माझंच अंग दिसतंय, भिंती वितळतायत, आणि वारलेल्या सासूबाई उशाशी उभ्या. जाग आल्यावर मी खूप रडले. वाडीतले म्हणतात बाधा झाली, उतरवून घे. – एक वाचक, सिंधुदुर्ग

काकू, बाधा वगैरे काही नाही हो. सासूबाईंची आठवण तुमच्या मनात होतीच, औषधाने फक्त ती मधल्या चाळणीशिवाय समोर आणून उभी केली. अंगातून बाहेर पडल्यासारखं, तरंगल्यासारखं, रंग आणि आवाज विचित्र होणं, हे केटामाईन उतरताना मोठ्या माणसांत शंभरातल्या दहा ते तीस जणांना कमीजास्त होतं. मुलांत कमी. बहुतेकांचं तासा-दोन तासांत ओसरतं, क्वचित कुणाला दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं.

हे कमी करता येतं आणि करायलाच हवं. सोबत मिडाझोलाम हे मन शांत करणारं औषध थोडं दिलं की बराच फरक पडतो. शुद्धीवर येताना खोली शांत हवी, उजेड मंद हवा, कुणी गदागदा हलवून 'काकू उठा, जीभ बाहेर काढा' असं ओरडायला नको, आणि आमच्याकडच्या रिकव्हरी रूममध्ये नेमकं तेच होत असतं, शेजारी दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक, मोबाईल, ट्रॉलीचा खडखडाट. अजून एक जी गोष्ट फुकट आहे आणि मी ती कधी चुकवत नाही, इंजेक्शन देताना पेशंटला विचारते की तुम्हाला कुठे जाऊन बसायला आवडतं. कोण नदीचा घाट सांगतं, कोण माहेरची पडवी. मग त्याबद्दलच बोलत बोलत औषध सोडते. ज्या मनाने आत जातात त्याच मनाने बरेचदा परत येतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता त्यात मला शंका राहिलेली नाही.

पुढच्या वेळी कुठलीही भूल घ्यायची वेळ आली तर हा अनुभव आधीच सांगा, ते तुमच्या केसपेपरवर लिहायला लावा. आणि रडलात त्याची लाज वाटू देऊ नका.

थायलंडच्या गुहेत अडकलेल्या मुलांना बेशुद्ध करून पाण्याखालून आणलं असं ऐकलं. भुलीत श्वास थांबतो ना, मग ते बुडाले कसे नाहीत? आमच्या भागात किर्लोस्करांचं नाव निघालं की हा विषय निघतोच. – एक शिक्षक, पलूस

निघणारच, सर. पाणी उपसायच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं तिकडे गेली होती.

२३ जून २०१८ ला थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचे कोच अडकले, ८ ते १० जुलैला बाहेर आले. गढूळ पाणी, जेमतेम माणूस सरकेल अशा फटी, डायव्हिंग कधी न केलेली पोरं, आणि एखादं जरी पाण्याखाली घाबरून मास्क ओढतं तर ते आणि आणणारा पाणबुडा दोघंही गेले असते. रिचर्ड हॅरिस हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ, स्वतः गुहेत डायव्हिंग करणारे. त्यांनी मुलांना आधी भीती कमी करणारी अल्प्राझोलामची गोळी दिली, मग मांडीत केटामाईन किलोमागे पाच मिलिग्रॅम आणि लाळ कमी राहावी म्हणून अॅट्रोपिन. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क, आत हवेचा दाब जरा जास्त ठेवलेला म्हणजे पाणी शिरू नये, हात मागे बांधलेले. बाहेर यायला तीनेक तास आणि औषधाचा असर तर अर्धा-पाऊण तासच, म्हणून पुढचे डोस पाणबुड्यांनीच वाटेत टोचले, जे डॉक्टर नव्हते.

केटामाईनमध्ये बहुतेक वेळा श्वास चालू राहतो, घशाची राखणही बरीचशी शाबूत असते, आणि थंड पाण्यात अंगाची ऊब दुसऱ्या भुलीच्या औषधांच्या मानाने कमी जाते, हे सगळं तिथे जुळून आलं. पण यावरून कुणी 'केटामाईन म्हणजे पोट भरलेलं असलं तरी चालतं' असा अर्थ काढू नका, हा गैरसमज मी डॉक्टरांतही पाहिलाय. शिरेतून भर्रकन दिलं तर श्वास थांबू शकतो, आणि मुलांत हजारात तीन-चार वेळा स्वरयंत्र घट्ट आवळून बसतं, तेव्हा मास्क आणि श्वास द्यायची पिशवी हाताशी नसेल तर ते मूल निळं पडताना बघत बसावं लागतं. ठरलेल्या ऑपरेशनला सहा तास उपास आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, हे पाळायचंच. हॅरिसना स्वतःला वाटलं नव्हतं की सगळे जिवंत येतील, आणि तेराच्या तेरा आले. मला अजूनही ते आठवलं की घसा दाटतो.

भावाला डिप्रेशन आहे, तीन औषधं झाली, फरक नाही. एका क्लिनिकने केटामाईनचे सहा डोस सांगितलेत. हे तर भुलीचं औषध ना? की नशेचं? – ठाणे

भुलीचं, नशेचं आणि डिप्रेशनचं, तिन्ही आहे असं म्हणा, डोस आणि जागा बदलली की वेगळं. २००० मध्ये येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मोजक्याच पेशंटवर पहिल्यांदा दाखवलं की भुलीपेक्षा खूप कमी डोस, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आणि तोही चाळीस मिनिटांत हळूहळू सलाईनमधून, दिला तर मन लवकर हलकं होतं. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत तेच पुन्हा दिसलं, काहींमध्ये तर दोन तासांत. नेहमीच्या गोळ्यांना आठवडे लागतात हे तुम्ही भोगलंच आहे, त्यामुळे आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या माणसासाठी याचं मोल मोठं आहे. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत एसकेटामाईनचा, म्हणजे केटामाईनच्याच एका रूपाचा, नाकात मारायचा स्प्रे मंजूर झाला, पण घरी न्यायला मिळत नाही, दवाखान्यातच घ्यायचा, नंतर दोन तास नजरेखाली, आणि रात्रीची झोप होईपर्यंत गाडी चालवायची नाही.

एका डोसचा गुण बऱ्याच जणांत आठवडाभरात ओसरतो, म्हणून मालिका देतात, आणि ती संपल्यावर पुढे काय हा खरा प्रश्न. क्लिनिकला जाऊन विचारा की भावाला मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतः तपासलंय का, डोस चालू असताना बीपी आणि ऑक्सिजन बघायला कोण असणार, श्वासाची अडचण आली तर सांभाळणारा माणूस त्या इमारतीत आहे का, आधीच्या गोळ्यांचं काय करायचं, सहा झाल्यावर काय. कधी भास झाले असतील, व्यसन असेल, लघवीचा त्रास असेल तर लपवू नका. उत्तरं नीट मिळाली तर घाबरू नका, आणि 'पहिल्या दिवशी पूर्ण बरा' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. मधल्या काळात भाऊ जीव द्यायची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका, सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

कॉलेजात काही जण गोव्याहून 'के' आणतात, पावडर. म्हणतात हॉस्पिटलातलं आहे, मग सेफच. – नाव नको, पुणे

तू विचारलंस हे फार बरं केलंस. हॉस्पिटलात ते सेफ वाटतं कारण तिथे डोस वजनावर मोजलेला असतो, पोट रिकामं असतं आणि कुणीतरी श्वास मोजत बसलेलं असतं. पार्टीत यातलं काहीच नाही, पावडरीत काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि वर दारू असेल तर उलटी श्वासनळीत जाऊन माणूस झोपेतच जातो. मॅथ्यू पेरी हा नट ऑक्टोबर २०२३ मध्ये घरच्या गरम पाण्याच्या कुंडात गेला, शवविच्छेदनात मुख्य कारण केटामाईनचा परिणाम निघालं, बुडणं हे जोडीचं कारण. डिप्रेशनसाठी तो दवाखान्यात जे घेत होता ते शेवटच्या डोसला दीड आठवडा होऊन गेला होता, म्हणजे हे त्याचं नव्हे.

आणि मूत्राशय. हे पोरांना कुणी सांगतच नाही. सारखं घेणाऱ्यांत त्याचं अस्तर सोलवटून निघतं, दर वीस मिनिटांनी लघवीला पळायचं, रक्त, आग, शेवटी मूत्राशय आक्रसून मुठीएवढं होतं आणि काहींना ते काढावं लागतं. २००७ पासून याच्या नोंदी आहेत. लवकर थांबलं तर सुधारतं, म्हणून कुणाला जळजळ सुरू झाली असेल तर त्याला आजच यूरॉलॉजिस्टकडे ने आणि खरं काय ते सांगायला लाव, डॉक्टर पोलिसात देत नाहीत.

कायद्याचं म्हणशील तर २०११ पासून ते एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे आणि डिसेंबर २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे दुकानदाराला वेगळं लायसन्स, डबल प्रिस्क्रिप्शन, एक प्रत दोन वर्षं जपून ठेवायची. २०१५ मध्ये तर चीनने संयुक्त राष्ट्रांत जगभर कडक बंदीसारखे निर्बंध मागितले होते, जागतिक आरोग्य संघटनेने आणि देशोदेशीच्या भूलतज्ज्ञांनी विरोध केला म्हणून ते टळलं. तसं झालं असतं तर त्या चरकापाशी माझ्या बॅगेत काय असतं, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

आमच्या उसात बिबट्या आला होता. वनखात्याच्या डॉक्टरकाकांनी बंदुकीने इंजेक्शन मारलं. तो पडला पण त्याचे डोळे उघडे होते. त्याला दुखत होतं का? – सातवीतली मुलगी, ओतूर

नाही बाळा, दुखत नव्हतं. बिबट्याला बहुतेक वेळा केटामाईन आणि झायलाझिन अशी दोन औषधं मिसळून देतात. केटामाईनने डोळे उघडे राहतात, वर पहिल्या पत्रातल्या मुलाचे राहिले होते ना तसेच, आणि झायलाझिनने अंग सैल पडतं, नाहीतर नुसत्या केटामाईनने मांजराच्या जातीचं जनावर ताठ होतं. झायलाझिन उतरवायला उलटं इंजेक्शन आहे, केटामाईनला नाही, ते आपलं आपणच उतरावं लागतं, म्हणून त्याला पिंजऱ्यात अंधारात शांत ठेवतात.

पापण्या मिटत नाहीत म्हणून डोळे कोरडे पडतात. काकांनी त्याच्या डोळ्यांत मलम घालून वर फडकं टाकलेलं तू बघितलं असशील. आणि डार्ट लागल्यावर तो लगेच पडत नाही, दहा-एक मिनिटं लागतात, तेवढ्यात गर्दीने शिट्ट्या मारल्या, फटाके लावले तर तो घाबरतो आणि औषध नीट लागत नाही, मग पुन्हा मारावं लागतं. पडल्यावरही त्याचे कान चालू असतात. पुन्हा कधी आला तर घरात थांब, आणि घरच्या मोठ्यांना सांग की लांब उभे राहा आणि मोबाईलचे फ्लॅश बंद ठेवा.